वखारीतला ढग

मित्रांनो, पंपाने आपली गोष्ट सांगावी का, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. ज्याने जन्मभर खालचे पाणी वर ढकलले, त्याच्यापाशी सांगण्यासारखे काय असणार? शिवाय गोष्ट कोठे सुरू करावी आणि कोठे थांबवावी, हेही मला नीट समजत नाही. पण जे घडले ते सगळे पाहणारा मी एकटाच होतो. म्हणून सांगतो. काही चुकले तर सांभाळून घ्या.

मी एक जुना पितळी पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, झाडांवर औषध फवारण्याचा. माझी बैठक सागवानी फळीची आहे. फळीवर पितळेचे नळकांडे, त्याच्या शेजारी हवा कोंडून धरणारा एक लहान घट आणि उभा लांब दांडा. दांडा पुढे-मागे हलवला की माझी एक नळी पिंपातले औषध ओढून घेते आणि दुसरी लांब नळी ते झाडाच्या शेंड्यापर्यंत नेते. तिच्या टोकाला बोटाएवढी तोटी असते. तोटीतून जे बाहेर पडते ते इतके बारीक असते की त्याला पाणी म्हणवत नाही. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, हे मला आठवत नाही. नाव कोरलेली एक पट्टी होती, ती घासून घासून गुळगुळीत झाली. मला आठवते ते श्रीवर्धनजवळच्या गावातले भाऊंचे घर आणि त्यांची वाडी.

भाऊंचे खरे नाव यज्ञेश्वर. पण गावात, घरात, अगदी नातवंडांतही सगळे त्यांना भाऊच म्हणत. सुरूच्या झाडांच्या अलीकडे त्यांची पोफळीची वाडी होती. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या फळांना कोळे रोग धरतो आणि फळे कुजून गळतात. म्हणून पावसाच्या आधी मोरचूद आणि चुना कालवून त्याचे निळे पाणी घोसांवर मारावे लागते. त्या कामासाठी मला आणले होते.

वर झाडावर मोरू चढत असे, आमच्या वाडीवरचा गडी. एका झाडाचा शेंडा झुलवून झुलवून तो पुढचे झाड पकडी आणि तसाच पलीकडे जाई. खाली उतरायचे नावच नाही. खाली माझ्या दांड्यावर स्वतः भाऊ असत. इतर बागायतदार या कामाला गडी लावत. भाऊंना ते जमले नाही.

"मालक असून दांडा हाणता," मोरू वरून म्हणे. "लोक मलाच मालक समजतील ना, भाऊ!"

"समजू देत."

"मग असं करू. मजुरी तुमी घ्या, सुपारी मी घेतो."

"घे की. पण वहिनीला तोंड तूच द्यायचं."

"नको, नको! मजुरीच बरी हाय."

वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी, अनुसूयाबाई. फवारणीच्या दिवसांत त्या मागच्या दारात उभ्या राहत आणि भाऊ आले की आधी त्यांच्या हातांकडे बघत. "पुन्हा निळे हात! असे ताटावर बसलात तर वाढणार नाही हं मी. आधी विहिरीवर जा आणि दगडाने घासून या." मोरचूद विषारी, तेव्हा त्यांचे बरोबरच होते. भाऊ निमूट विहिरीवर जात. पाणी काढता काढता ते मला हळूच म्हणत, "तुझ्यामुळे बोलणी खातो बघ." मला तो मानच वाटे.

ती माझी चांगली वर्षे होती. काम झाले की भाऊ मला स्वच्छ पाण्याने धूत, आतल्या चामडी वायसरला खोबरेल लावत. दसऱ्याला माझ्या दांड्याला झेंडूचे फूल मिळे. उरलेले वर्ष मी सुपारीच्या वखारीत राही. वखार जांभ्या दगडाची होती, उंच, वर कौले आणि कौलांत एक काचेचे कौल. त्यातून उन्हाचा तुकडा आत येई आणि सुपारीच्या पोत्यांवरून दिवसभर हळूहळू सरकत राही. मी तो बघत बसे. मला तेवढे पुरत असे.

मग ते वर्ष आले, ज्या वर्षी माणसे तोंडाला फडके बांधून एकमेकांपासून दूर बसत होती. जूनच्या आरंभीच मोठे वादळ आले. भाऊ आणि अनुसूयाबाई घराला कड्या लावून आत बसले. दार उघडले तेव्हा वाडी आडवी झाली होती. जवळजवळ सगळ्या पोफळी एकाच दिशेला डोके करून झोपल्यासारख्या. भाऊ पुष्कळ वेळ उंबऱ्यात उभे राहिले. मग मोरूला म्हणाले, "आवाज ऐकला रे नुसता. एकही झाड पडताना पाहिलं नाही मी."

मोरूने खांदे उडवले, पण त्याचेही डोळे भरले होते. "बगून काय केला असता, भाऊ?"

पुढच्या वर्षी वाचलेली थोडी झाडे आणि नवी रोपे यांच्यासाठी मला पुन्हा बाहेर काढले. त्याच फवारणीत, दुपारच्या आधी, अनुसूयाबाई मागच्या दारात आल्या. चौकटीला धरून म्हणाल्या, "अहो, जरा आत येता का? छातीत कसंसंच होतंय."

भाऊंनी दांडा सोडला. ते दोन पावले दाराकडे गेले आणि त्यांची नजर आपल्या हातांवर पडली. हात कोपरापर्यंत निळे होते. "आलो. हात धुऊन आलोच," ते म्हणाले आणि विहिरीकडे धावले. त्यांनी घाईनेच हात धुतले असणार. पण ते घरात गेले तेव्हा सगळे संपलेले होते.

त्या दिवशी मला कोणी धुतले नाही. मोरूने मला तसेच उचलून वखारीच्या कोपऱ्यात ठेवले. माझ्या पोटात मोरचूद सुकून बसले. वायसर आखडले. तोटीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले. भाऊ कधी वखारीत आले तरी माझ्याकडे पाठ करून उभे राहत. मी रागावलो नाही. मला त्यांच्यावर रागावता येत नसे. पण वाईट वाटे, हे खोटे कशाला सांगू?

अशी काही वर्षे गेली आणि एका थंडीत क्षिप्रा आली. ती भाऊंच्या मुलीची मुलगी. मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात शिकली होती. पण ती चित्रे काढत नव्हती. ती रिकाम्या घरांत, जुन्या गोदामांत, बंद पडलेल्या गिरण्यांत जाऊन आत ढग तयार करत असे. खरा ढग, छताखालचा. गावात कोणी विचारले की मोरू ऐटीत सांगे, "आमची क्षिप्राताय ढग करते." आणि पुढे विचारले, "मग त्याचं काय करते?" तर मोरूची पंचाईत होई.

भाऊंनीही तेच विचारले. दोघे वखारीच्या पायरीवर बसले होते.

"ढग करतेस. बरं. मग?"

"मग तो जातो, भाऊ."

"कुठे?"

"कुठेच नाही. विरतो."

"मग हातात उरतं काय?"

"काही नाही. एक फोटो."

"एका फोटोसाठी एवढी यातायात?"

"फोटोसाठी नाही हो," क्षिप्रा म्हणाली. "एवढी मोठी जागा, दगडाच्या भिंती, आणि तिच्यात एक क्षण काहीतरी येतं आणि जातं. ते जाताना बघायचं. त्याच्यासाठी."

भाऊ तिच्याकडे वळले. त्यांनी विचारले, "जाताना दिसतो? म्हणजे नीट, शेवटपर्यंत?"

"लक्ष देऊन बघितलं तर दिसतो."

"मग मला एकदा दाखव." त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला कान द्यावा लागला. "वाडी गेली तेव्हा मी कडी लावून आत. तुझी आजी गेली तेव्हा मी हात धूत होतो. एवढं सगळं गेलं, पण जाताना काहीच बघितलं नाही मी. एकदा काहीतरी जाताना पूर्ण बघायचंय. मग बहुतेक कळेल मला."

क्षिप्राने त्यांचा हात धरला. "दाखवते, भाऊ."

पण वेळ थोडा होता. वखारीची जागा विकली गेली होती आणि कौले उतरवायला माणसे यायची होती. भाऊही म्हसळ्याला लेकीकडे राहायला जाणार होते. वखारीची वीज आधीच तोडलेली, त्यामुळे क्षिप्राने आणलेले तुषार उडवणारे यंत्र नुसते शोभेला राहिले. ती कपाळाला हात लावून बसली आणि तिची नजर माझ्यावर गेली.

"भाऊ, हा चालतो?"

इतक्या वर्षांत भाऊंनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केले. मला पायरीवर नेले, उघडले, आतले निळे कवच खरवडून काढले. एका जुन्या चपलेच्या चामड्याचे नवे वायसर कापून बसवले. तोटीतले मातीचे घर त्यांनी काडीने हलकेच काढले. आत माशी नव्हती. मग मला धुतले. किती वर्षांनी धुतले!

वखारीत ढग कसा होतो, ते थोडक्यात सांगतो. हवा गार आणि थांबलेली हवी. तिच्यात अगदी बारीक तुषार मारून ती ओली करायची. मग त्या ओल्या हवेत धुराचा छोटासा लोट सोडायचा. ओलावा धुराच्या कणांना धरतो आणि क्षणभर ढग उभा राहतो. वारा आला, ऊन चढले की संपले. म्हणून क्षिप्राने खिडक्यांत सुपारीची रिकामी पोती कोंबली होती आणि सगळे काम सकाळीच, दहिवर सुकायच्या आत चाले.

दांडा मोरू मारी. वादळानंतर चढायला फारशी झाडेच उरली नव्हती, म्हणून तो दिघीच्या रस्त्यावर एका रिसॉर्टात पहारेकरी झाला होता. रात्रपाळी संपली की तो तसाच गणवेशात येई. आणि भाऊ? भाऊ धुतलेला सदरा घालून, चष्मा पुसून, वखारीच्या मधोमध उलट्या खोक्यावर बसत. नाटकाला पहिल्या रांगेत बसावे तसे.

पण ढग होईना. कधी फटीतून खारा वारा शिरे, कधी धूर नुसताच पांगे.

"क्षिप्राताय, मिरगापर्यंत थांब," मोरू म्हणे. "मग नुसती कौलं काढायची. फुकटात ढग येतील."

"मोरूकाका, दांडा मारा!"

"मारतोय. हात माजा ऱ्हायला न्हाय, पण मारतोय."

भाऊ खोक्यावरून उठत, सदरा झटकत आणि म्हणत, "उद्या."

शेवटच्या सकाळी मोरू आलाच नाही. रिसॉर्टात पाहुणे उतरले होते, त्याला सोडले नाही. क्षिप्राने तोटी एका बांबूला वरच्या दिशेने बांधली, कॅमेरा तिवईवर लावून आपोआप फोटो निघत राहतील असा ठेवला, धुराचे बॅटरीवरचे यंत्र हातात घेतले आणि तिच्या लक्षात आले की दांड्याला माणूस नाही.

"दांडा मी धरतो," भाऊ म्हणाले.

"मग तुम्ही बघणार कसं?"

"दांड्याला हात लागतात, बाई. डोळे नाही."

त्या दिवशी हवा अगदी थांबली होती. मी भाऊंच्या हाताखाली इतक्या वर्षांनी हललो. त्यांचा हात तोच होता, संथ, एकसारखा. तोटीतून धुके निघू लागले. "थांबू नका हं," क्षिप्रा म्हणाली. "मी हाक मारेन, मग बघा."

मित्रांनो, येथे एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. फवारणीत दांड्यावरचा माणूस कधीही वर बघत नाही. वरून मोरचूद ठिबकत असते, ते डोळ्यांत गेले तर डोळे जातात. म्हणून मान खाली घालायची, हे त्याच्या अंगात भिनते. आणि वरच्याने हाक मारली, तर तिचा अर्थ एकच असतो: जोर कमी पडतोय, आणखी मार. मोरू शेंड्यावरून "भाऊ!" असे ओरडला की भाऊ मान आणखी खाली घालून दांडा जोरात मारत. किती पावसाळे त्यांनी असेच केले होते.

क्षिप्राने धूर सोडला. आधी काहीच नव्हते. मग काचेच्या कौलाखाली हवा पांढरी झाली, फुगली आणि ढग झाला. एखादे वासरू खोलीत शिरून उभे राहावे तसा तो उभा होता, जरासा बावरलेला. त्याच्या पाठीवर ऊन पडले होते. मी इतकी वर्षे पाणी वर ढकलले, पण त्याचे असे काही होऊ शकते, हे मला माहीत नव्हते.

"भाऊ!" क्षिप्रा ओरडली. "भाऊ, बघा!"

भाऊंची मान खाली गेली. दांड्यावरची मूठ आवळली. ते जोरात मारू लागले, आणखी जोरात. माझ्या घटात हवा कोंडली, फळी करकरली. मी काय करणार होतो? पंपाला थांबता येत नाही, हाक मारता येत नाही. ते फळीकडे बघत होते. मी ढगाकडे बघत होतो. आणि ढग विरत होता.

भाऊंनी मान वर केली तेव्हा वर पोती कोंबलेली खिडकी होती आणि तिच्या कडेने येणारा उजेड.

क्षिप्रा वळली. ती हसत होती आणि रडतही होती. "पाहिलात? भाऊ, पाहिलात ना?"

भाऊंच्या हातात दांडा तसाच होता. त्यांनी वर बघितले, मग तिच्याकडे बघितले. "पाहिला."

"कसा होता?"

"छान होता हो. फार छान."

"फार कमी टिकला ना?"

"मला पुष्कळ वाटला," भाऊ म्हणाले.

बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. कौले उतरवणारी माणसे आली होती. क्षिप्राने घाईघाईने कॅमेरा आवरला. भाऊंनी पिंप कलंडवले आणि मला धुतले.

आता मी म्हसळ्याला आहे. भाऊंनी मला भंगारवाल्याला देऊ दिले नाही, म्हणून लेकीच्या घराच्या गॅलरीत, चपलांच्या फडताळाशेजारी माझी जागा आहे. येणारे-जाणारे माझ्या दांड्याला छत्र्या अडकवतात. भाऊ संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. येथून समुद्र दिसत नाही.

मागच्या महिन्यात क्षिप्रा आली. मुंबईत तिच्या फोटोंचे प्रदर्शन झाले होते. वखारीचा फोटो लोकांना फार आवडला, म्हणे. ढगाच्या खाली, कोपऱ्यात, एक म्हातारा मान खाली घालून वाकलेला दिसतो. लोक म्हणाले, किती सुंदर, जणू नमस्कार करतोय. क्षिप्रा मात्र त्या फोटोपाशी उभी राहिली असताना तिला एकाएकी कळले. ढग दिसणारा प्रत्येक फोटो तिने काढून पाहिला. सगळ्यांत मान खालीच होती. हे तिने आपल्या आईला स्वयंपाकघरात सांगितले. तिचा आवाज फुटत होता, म्हणून मला गॅलरीत ऐकू आले.

मग ती बाहेर आली. भाऊ म्हणाले, "तो फोटो आणलास का गं? दाखव की."

ती घुटमळली. फोटो दाखवला तर आपल्याला समजले आहे, हे त्यांना समजणार. पण तिने तो त्यांच्या मांडीवर ठेवला. भाऊंनी चष्मा पुसला. ढग त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आणि खाली स्वतःला पाहिले.

"मान खालीच राहिली बघ," ते म्हणाले. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"मी तुमच्या हातातून दांडा घ्यायला हवा होता, भाऊ. नुसती हाक मारली."

"असू दे गं." त्यांनी ढगावरून बोट फिरवले. "आहे छान. पण गेला कसा, ते यात नाही."

"मी सांगू?"

भाऊंनी डोळे मिटले. क्षिप्रा जमिनीवर बसली आणि आठवून आठवून सांगू लागली. "आधी खालची कड सुटली. मग मधे एक फट पडली, तिच्यातून पलीकडची भिंत दिसायला लागली. वरचा भाग जरा थांबला, उन्हात. मला वाटलं, राहतो की काय. मग तोही पातळ झाला, आणि मग नुसतं ऊन होतं."

"धडपडला नाही ना?"

"नाही, भाऊ."

भाऊंनी मान हलवली. मग त्यांनी विचारले, "कुणाची वाट बघत होता, असं वाटलं का तुला?"

"ते मला नाही सांगता येणार," ती हळूच म्हणाली.

"बरोबर आहे," भाऊ म्हणाले. "ते कसं सांगता येईल?" त्यांनी फोटो छातीशी धरला आणि तसेच बसून राहिले, अंधार पडेपर्यंत.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. पंपाने उपदेश करू नये, पण विनंती करता येईल, असे वाटते. तुमच्या घरी एखादा जुना पंप असेल तर वापरून झाल्यावर धुऊन ठेवा, वायसरला तेलाचे बोट लावा. आणि घरात कोणी मान खाली घालून काम करत असेल, तर दारात उभे राहून "बघा, बघा" असे ओरडू नका. त्यांना ती कामाचीच हाक वाटते. जवळ जा, त्यांच्या हातातला दांडा आपल्या हातात घ्या आणि मग म्हणा, आता बघा. बघण्यासारखे जे असते ते फार वेळ थांबत नाही.